निर्मलाताई, लाहोरची बस आणि आपलं जेवणाचं टेबल



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी एकदा लिहायला बसलो की आवरत नाही, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. त्यामुळे आधीच माफी मागतो. चहा घेऊन बसा.

गोष्ट मे २०२५ मधली. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली. ७ मेच्या पहाटे आपल्या हवाई हल्ल्यांची बातमी आली आणि त्यानंतरचे चार दिवस इथे बहारीनमध्ये आपण सगळेच फोन हातात धरून बसलो होतो. आमच्या ऑफिसात जेवणाच्या खोलीत एक मोठं टेबल आहे. रोज आम्ही पाच-सहा जण तिथे डबा उघडतो. दोन मल्याळी, एक गोवेकर, मी आणि लाहोरचा एक तरुण अकाउंटंट. पोरगा तसा गुणी. माझ्या डब्यातलं भरलं वांगं त्याला फार आवडतं, आणि त्याच्या घरचा पुलाव आम्ही पुरवून पुरवून खातो. ७ तारखेला तो टेबलावर आलाच नाही. आपल्या जागेवर, कॉम्प्युटरसमोर एकटाच जेवला. आम्हीही त्याला बोलावलं नाही. ८ तारखेला तेच झालं. १० मेला शस्त्रसंधी जाहीर झाली. रविवारी कामावर आलो तर टीव्हीवरचं युद्ध संपलेलं होतं, पण आमच्या टेबलाची एक खुर्ची रिकामीच होती.

खरं सांगतो, मला त्या पोराचा राग आलेला नव्हता. नुसती जीभ जड झाली होती. काय बोलायचं? "कसा आहेस" म्हटलं तर तो काय उत्तर देणार? आणि त्याने काही उलटं म्हटलं तर आपण काय बोलणार? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा सोयीचा विचार.

पण हा प्रसंग माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा येत होता. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मी बहारीनमध्ये नवखा होतो. सियालकोटचा एक वयस्कर फोरमन मला रोज आपल्या गाडीतून साइटवर न्यायचा. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झालो होतो, तेव्हा शुक्रवारची झोप मोडून त्यानेच मला शिकवलं होतं. जून महिना आला, तिकडून रोज शवपेट्यांची चित्रं यायला लागली आणि आमच्या गाडीतलं बोलणं बंद झालं. अर्ध्या तासाचा रस्ता, एसीचा आवाज आणि रेडिओ. पुढे मी लायसन्स मिळवलं, स्वतःची जुनी गाडी घेतली आणि तो प्रश्न मिटला. वर्षभराने तो कायमचा मायदेशी परत गेला. मी निरोप द्यायला गेलो नाही. ती टोचणी अजून आहे.

तर मुद्दा असा की, ज्या वर्षी मी अर्ध्या तासाच्या रस्त्यावर एक वाक्य बोलू शकत नव्हतो, त्याच सुमारास आपली एक सत्तरीची मराठी बाई दिल्लीहून लाहोरला बस भरून बायका नेण्याची तयारी करत होती. आजचं पत्र तिच्यावर आहे. निर्मला देशपांडे. उत्तरेत त्यांना सगळे 'दीदी' म्हणायचे, मी आपल्या पद्धतीने निर्मलाताई म्हणतो.

आपल्यापैकी किती जणांना हे नाव आठवतंय? मागच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मी सहज चार-पाच जणांना विचारलं. एकाने "त्या राज्यसभेत होत्या ना?" असं म्हटलं. बाकीच्यांनी मान हलवली. गंमत म्हणजे निर्मलाताई गेल्या तो दिवस १ मेच होता, सन २००८. दरवर्षी आपण त्या दिवशी ढोल-ताशे, लेझीम, झुणका-भाकर सगळं करतो आणि या बाईंची आठवण कुणालाच येत नाही.

जन्म ऑक्टोबर १९२९, नागपूर. वडील पु. य. देशपांडे म्हणजे मराठीतले नावाजलेले लेखक. 'अनामिकाची चिंतनिका' या त्यांच्या पुस्तकाला १९६२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे घरात पुस्तकं, चर्चा, तत्त्वज्ञान भरपूर. निर्मलाताई राज्यशास्त्रात एम.ए. झाल्या, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवायला लागल्या. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला यापेक्षा जास्त काय हवं? पण १९५२ मध्ये त्या विनोबांच्या भूदान यात्रेत सामील झाल्या आणि पुढे संसार, नोकरी यांच्याकडे वळल्याच नाहीत. या बाई देशभर जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर पायी फिरल्या. आपल्या बहारीन बेटाची लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास. मनात गणित करून बघा.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण भूदान म्हटलं की आपल्या पिढीला शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो. तो निव्वळ जमीनवाटपाचा कार्यक्रम नव्हता. त्याची सुरुवात झाली ती तेलंगणात, जिथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात सशस्त्र लढाई चालली होती. दिवसा पोलीस आणि रात्री दलम, अशी गावांची अवस्था. अशा भागात विनोबा १९५१ मध्ये पायी गेले आणि १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या दलितांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. म्हणजे भूदानाचा जन्मच मुळी रणभूमीत झाला. पुढे विनोबा १९५९ मध्ये काश्मीरला गेले. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात गेले, तिथे वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, आणि तिथेही जमीन मागितली आणि लोकांनी ती दिली. फाळणीला पंधरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. निर्मलाताईंची शाळा ही. विनोबांची प्रवचनं टिपून घ्यायची, संपादित करायची हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 'भूदान-गंगा'चे खंड त्यांनीच संकलित केले.

विनोबांचा धर्म हाही नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर निर्मलाताई कळणार नाहीत. हा माणूस अरबी शिकून मूळ कुराण वाचत असे. त्यातल्या निवडक आयतांचं 'कुराण-सार' त्यांनी तयार केलं. तसंच 'ख्रिस्त-धर्म-सार', तसंच 'धम्मपदा'वरचं काम, पुढे जैनांच्या सगळ्या पंथांना एकत्र आणून 'समणसुत्तं'. 'सगळे धर्म सारखेच' असं गुळगुळीत बोलून ते मोकळे होत नसत. दुसऱ्याच्या घरात जायचं तर त्याच्या देवाचं नाव त्याच्या भाषेत घ्यायला शिकलं पाहिजे, इतकी ती सरळ शिस्त होती. आणि शांतिसेनेचं काम, म्हणजे दंगल पेटल्यावर मध्ये जाऊन उभं राहायचं काम, यात बायकांनी पुढे यावं असं त्यांचं आग्रहाचं सांगणं होतं. पवनारला १९५९ मध्ये त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं तेच मुळी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी.

मी वर्ध्याचा. पवनार आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. लहानपणी आत्या मला तिथे घेऊन जायची. धाम नदीचं पात्र, पांढऱ्या खादीतल्या बायका, शेतात काम, संध्याकाळची प्रार्थना. आम्हा पोरांना त्यात काही रस नव्हता, नदीत डुंबायला मिळायचं म्हणून जायचो. तिथे कुणी मुख्य बाई नसते, सगळे निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात, हे मला मोठेपणी कळलं. (आपल्या मंडळाच्या कमिटीने एकदा तिथे जाऊन यावं अशी सूचना करतो. हलके घ्या.)

आत्याचं इथे सांगितलंच पाहिजे. आमची आत्या पदयात्रेला कधी गेली नाही. तिला चार मुलं आणि सासू. पण सर्वोदयाचे कार्यकर्ते, विशेषतः बायका, वर्ध्यावरून जाताना आमच्या घरी टेकायच्या. आत्या पहाटे चारला उठून ज्वारीच्या भाकरी थापायची. वाटेसाठी शिदोरी, कोरडी चटणी, कुणाची वहाण तुटली असेल तर चांभाराकडे पाठवायची, कुणाची पाळी असेल तर तिला दोन दिवस ठेवून घ्यायची. आजोबा कुरकुरायचे, "या बाया गावोगाव हिंडतात आणि तू त्यांची धर्मशाळा चालवतेस." आत्या काही बोलायची नाही. पुढे कधीतरी मी तिला विचारलं की तू का गेली नाहीस. ती म्हणाली, "सगळ्याच चालायला लागल्या तर त्यांना जेवायला कोण घालेल?" मला तेव्हा हे हसण्यावारी गेलं. आता वाटतं, या सगळ्या लेखाचं सार तेवढंच आहे.

विनोबांच्याही आधीचं एक उदाहरण देतो, कारण निर्मलाताई काही आकाशातून पडल्या नाहीत. अमतुस्सलाम नावाची पतियाळाकडची एक मुसलमान बाई गांधीजींच्या आश्रमात राहायची. पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, सगळं नेमाने. १९४६ च्या अखेरीस नोआखालीत हिंदूंवर भयंकर अत्याचार झाले. गांधीजींनी आपल्या माणसांना एकेका गावात एकेकटं पाठवलं. अमतुस्सलाम शिरंडी या गावी गेल्या. तिथल्या हिंदूंच्या पूजेतली खड्गं लुटून नेली होती. ती परत मिळावीत, म्हणजेच गावातल्या मुसलमानांनी झालेली चूक मान्य करावी, यासाठी या मुसलमान बाईने उपोषण सुरू केलं. पंचवीस दिवस. जानेवारी १९४७ मध्ये गांधीजी स्वतः तिथे पोचले, गावातल्या मुसलमानांनी हिंदूंच्या रक्षणाची लेखी हमी दिली, तेव्हा त्यांनी उपोषण सोडलं. एक खड्ग शेवटपर्यंत मिळालं नाही. फाळणीनंतर याच बाई पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्याच्या कामात राहिल्या.

लक्षात घ्या, त्या हिंदूंच्या देवाच्या वस्तूसाठी उपाशी बसल्या त्या स्वतःचा धर्म सोडून नव्हे, धर्म घट्ट धरून. मला वाटतं या बायकांच्या ताकदीचं मर्म इथे आहे. राजकारणी माणसाला निकाल लागतो, निवडणुकीपर्यंत. संस्थेला अहवाल लागतो, वर्षअखेरपर्यंत. व्रत घेतलेल्या बाईला तसली घाई नसते. आपण नाही का म्हणत, आजीने सोळा सोमवार धरले म्हणजे धरले. तोच चिवटपणा ही माणसं दंगलीच्या गावात घेऊन जातात.

निर्मलाताई असाच चिवटपणा घेऊन ऐंशीच्या दशकात जळत्या पंजाबात फिरल्या. १९९४ मध्ये त्यांनी काश्मीरमध्ये शांतियात्रा काढली. ते दिवस आठवा, खोऱ्यात रोज माणसं मरत होती, पर्यटक सोडा, पत्रकारसुद्धा जपून जायचे. त्यांची घोषणा होती, 'गोली नहीं, बोली चाहिए.' १९९६ मध्ये भारत-पाकिस्तानच्या लोकांची बैठक घडवून आणण्यात त्यांचा पुढाकार होता. मग फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, सगळ्यांना वाटलं आता दिवस पालटले, आणि तीन महिन्यांत कारगिल. आपले ५२७ जवान गेले. त्यानंतर लाहोर हा शब्द उच्चारणंही अवघड झालं होतं. अशा वेळी, मार्च २००० मध्ये, निर्मलाताईंच्या नेतृत्वाखाली चाळीसच्या आसपास बायका बसने वाघा ओलांडून लाहोरला गेल्या. थोड्याच आठवड्यांत आस्मा जहांगीर पाकिस्तानी बायकांचा जथा घेऊन दिल्लीला आल्या.

आस्मा जहांगीर (१९५२–२०१८) म्हणजे पाकिस्तानातल्या मानवी हक्कांच्या नामवंत वकील. पुऱ्या निधर्मी विचारांच्या, तिखट जिभेच्या. आणि इकडे निर्मलाताई म्हणजे पांढरी खादीची साडी, रोजची सर्वधर्म प्रार्थना. दोघींचा स्वभाव जुळायचं काही कारण नव्हतं. पण काम जुळलं. धर्म मानणारी आणि न मानणारी एका बसमध्ये बसू शकतात, हे मला त्या सीमा ओलांडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 'स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा' यावरचा प्रसिद्ध ठराव, क्रमांक १३२५, मंजूर केला तो ३१ ऑक्टोबर २००० ला. शांततेच्या बोलण्यात बायकांना स्थान हवं, असं सुरक्षा परिषदेने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. त्याच्या सात महिने आधी या बायका लाहोरला जाऊनही आल्या होत्या. कागद नेहमी मागून येतो.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर ही नुसती आरती होईल. आणीबाणीच्या काळात सर्वोदय चळवळ दुभंगली, काही जयप्रकाशजींकडे गेले, काही विनोबांजवळ राहिले. निर्मलाताई विनोबांच्या बाजूला आणि इंदिरा गांधींच्या जवळच्या. जेपींबरोबर तुरुंगात गेलेल्या अनेकांनी त्यांना हे कधी माफ केलं नाही, आणि मला त्यांचा राग समजतो. दुसरा आक्षेप जास्त थेट आहे. बसमधून गाणी म्हणत जाऊन काय मिळालं? डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सैन्यं समोरासमोर उभी राहिली, दिल्ली-लाहोर बस बंद पडली. ती २००३ मध्ये परत सुरू झाली. निर्मलाताई गेल्यावर सात महिन्यांच्या आत मुंबईत २६/११ झालं. ऑगस्ट २०१९ पासून ती बस पुन्हा बंद आहे.

मग हे सगळं वाया गेलं का? मी इंजिनियर माणूस, मला हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पण इथे हिशोबाचं एकक चुकतं आहे असं मला वाटतं. हल्ला थांबवणं हे सरकारचं आणि सैन्याचं काम, आणि ते त्यांनी केलंच पाहिजे. त्या बसचं काम वेगळं होतं. लढाई संपल्यावर बोलायला दोन्ही बाजूला ओळखीचं एक तरी माणूस शिल्लक असावं, एवढंच ते काम. आगीत घर जळतं तेव्हा विहीर आग विझवेलच असं नाही, पण विहीर बुजवून कुणी शहाणं होत नाही.

कधीकधी ही विहीर खरंच उपयोगी पडते. लायबेरियाचं उदाहरण घ्या. चौदा वर्षं रक्तपात चालला होता. २००३ मध्ये लेमा बोवी या ख्रिस्ती बाईने चर्चमधल्या बायका जमवल्या, मशिदीतल्या मुसलमान बायका त्यांना येऊन मिळाल्या. पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात त्या उन्हापावसात रोज बसल्या. अध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. एप्रिलमध्ये त्याला त्यांना भेटावं लागलं. घानात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा या बायका सभागृहाच्या दारात ठाण मांडून बसल्या, करार झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. लेमा बोवींना २०११ मध्ये नोबेल मिळालं. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, पुढे तिथली शांतता सांभाळायला २००७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांतर्फे जी पहिली पूर्ण महिलांची पोलीस तुकडी गेली, ती भारताची होती.

निर्मलाताईंचं नावही २००५ मध्ये नोबेलसाठी सुचवलेल्या जगभरातल्या हजार स्त्रियांमध्ये होतं. नोबेल मिळालं नाही. २००६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आणि त्या गेल्यानंतर, ऑगस्ट २००९ मध्ये, पाकिस्तान सरकारने त्यांना 'सितारा-ए-इम्तियाज' जाहीर केला. नागपूरच्या देशपांड्यांच्या मुलीला, मुंबई हल्ल्याला वर्षही झालेलं नसताना. त्यांच्या अस्थींचा काही भाग तिकडे नेऊन सिंधू नदीत सोडला गेला.

आता सिंधूवरून आपल्या मनामाकडे येतो. बाब-अल-बहारीनच्या मागे, सुकच्या गल्लीत आपण ज्या श्रीनाथजींच्या मंदिरात जातो ते दोनशे वर्षांहून जुनं आहे. ते बांधणारे व्यापारी सिंधमधल्या थट्टा गावचे. (आपली थट्टा-मस्करी नव्हे, गावाचं नाव आहे.) थट्टा सिंधूच्या मुखाजवळचं. फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात गेलं, देव मात्र इथे, मुसलमान राजाच्या राज्यात, सुखरूप राहिले. ज्या नदीकाठची माणसं हे देव घेऊन इथे आली, त्याच नदीत निर्मलाताईंची राख गेली. मी त्या देवळात कैक वर्षं जातोय, हा धागा मला अलीकडेच दिसला.

मग आपण करायचं काय? 'अशा बायकांना पाठिंबा द्या' म्हणणं सोपं आहे. माझ्या अल्पबुद्धीला सुचतं ते असं.

पहिलं, या कामाला लागणारा पैसा बारीकसारीक असतो. बसचं भाडं, एका रात्रीचा मुक्काम, फोन, दुभाष्याचा खर्च, मागे घरी ठेवलेल्या पोरांची सोय. मोठे देणगीदार इमारतीला पैसे देतात, भाड्याला देत नाहीत. आपल्या गावाकडे, मग ते गडचिरोली असो की दंगल झालेली एखादी पेठ, नन असोत, भिक्खुणी असोत, वारकरी माउल्या असोत की मोहल्ला कमिटीतल्या मुसलमान भगिनी, अशा कामाला ज्या लागल्या आहेत त्यांना विचारून नेमकी गरज भागवावी. दुसरं, त्यांना आपला कार्यक्रम शिकवू नये. त्यांची प्रार्थना आपल्या पद्धतीची नसेल, चालेल. तिसरं आणि सगळ्यात अवघड. त्या परत येतात तेव्हा त्यांना आपल्याच माणसांकडून 'देशद्रोही' ऐकावं लागतं. तेव्हा त्यांच्या बाजूला उभं राहावं. निदान शिव्या पुढे पाठवू नयेत. व्हॉट्सअॅपवर तेवढा संयम म्हणजेही आजकाल तपश्चर्याच आहे.

आणि चौथं. निर्मलाताईंना पाकिस्तानी माणसाशी बोलायला व्हिसा काढावा लागला, बस ठरवावी लागली, वर टीका सोसावी लागली. आपल्याला इथे बहारीनमध्ये काय लागतं? टेबलाच्या पलीकडे बघावं लागतं, बस्स.

त्या रविवारी मी डबा उचलला आणि त्या पोराच्या डेस्कवर गेलो. भाषण वगैरे काही तयार नव्हतं. म्हटलं, "घरी सगळे ठीक?" त्याने वर पाहिलं. आईशी रात्री बोलणं झालं म्हणाला, ती चार रात्री झोपली नव्हती. मग त्याने विचारलं, "आणि तुमच्याकडे? अमृतसर-जम्मूकडे कुणी आहे?" माझा मावसभाऊ तेव्हा पठाणकोटला नोकरीला होता, त्याच्या घरी ब्लॅकआउटमध्ये दोन लहान मुलं. ते सांगितलं. कोण बरोबर, कोण चूक यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. त्याचं मत मला माहीत आहे, माझं त्याला. ते बदललेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आला. वांगं संपलं होतं, त्याने बटाट्याची भाजी घेतली.

फार मोठं काही घडलं नाही, हे मलाही कळतं. सियालकोटच्या त्या फोरमनचा पत्ता आता माझ्याकडे नाही. असता तर पत्र लिहिलं असतं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या १ मेच्या कार्यक्रमात पाच मिनिटं निर्मलाताईंसाठी ठेवावीत, अशी कमिटीला विनंती. बोलायला मी तयार आहे. माइक माझ्या हातात द्यायची भीती वाटत असेल तर भाकरी थापायला तरी ठेवा.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ असावा.

आपला,
मुहर्रकचा एक वर्धेकर